गावांची नावे आणि सूर

कोकण रेल्वेच्या स्थानकांची नावे वाचताना एखादी चाल मनात घोळू लागते, हा अनुभव मलाही येतो. मात्र सावंतवाडीच्या दक्षिणेला गोव्यात गेल्यावर गावांची नावे थेट गायकांच्या आडनावांतूनच भेटू लागतात. मंगेशीवरून दीनानाथ मंगेशकर आठवतात, केरीवरून केसरबाई केरकर. मला सर्वांत ओढ आहे ती कुर्डीची. हे नाव ऐकले की शास्त्रीय गायिका मोगूबाई कुर्डीकरांची, थोर गायक अल्लादियाखाँसाहेबांच्या तालमीत घडलेली, लयीला घट्ट धरून चालणारी गायकी कानांत सुरू होते. मोगूबाईंचे हे गाव साळावली धरणाच्या जलाशयात बुडाले असले, तरी उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर सोमेश्वराचे मंदिर आणि घरांचे चौथरे उघडे पडतात, आणि विस्थापित कुटुंबे तेथे आवर्जून जमतात. मोगूबाईंच्या कन्या, गायिका किशोरीताईंच्या आमोणकर या आडनावातले आमोणेही गोव्यातलेच.