जास्त रनिंगच्या गाडीचे स्पार्क प्लग: काढून बघायचे की किलोमीटर मोजून बदलायचे?

लांबपल्ला (धागालेखक)

माझ्या पेट्रोल गाडीचं रनिंग १,८०,००० किमीच्या पुढे गेलंय. गेल्या वर्षी चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की ती आचके द्यायला लागली. गॅरेजमध्ये चारही प्लग नवे टाकले, गाडी सुरळीत झाली, मी निश्चिंत. जुने प्लग कुठे गेले हे मी विचारलंसुद्धा नाही. पाच महिन्यांनी पुन्हा तेच आचके. या वेळी प्लगला वीज देणाऱ्या कॉइल मी स्वतः उचलल्या. तिसऱ्या सिलिंडरची प्लगची विहीर (प्लग ज्या खोल खाचेत बसतो ती) अर्धी ऑइलने भरलेली आणि कॉइलचं रबरी बूट फुगून लिबलिबीत झालेलं. टॅपेट कव्हरमधलं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणातलं, प्लग ट्यूबचं सील गेलं होतं. पहिल्या वेळी कोणी तो एक प्लग हातात धरून पाहिला असता, तर ते तेव्हाच कळलं असतं.

म्हणून माझं ठाम मत: दीड लाखाच्या पुढच्या गाडीत नुसते किलोमीटर मोजून भागत नाही. वर्षातून एकदा प्लग काढावेत, सिलिंडरच्या क्रमानेच ओळीत मांडावेत आणि उजेडात नीट बघावेत. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर काळजी नाही. कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त जातंय, नाहीतर गाडी फक्त छोट्या फेऱ्या मारतेय. टोक सुमारे ४५० ते ५०० अंशांपर्यंत तापलं तरच प्लग स्वतःवरची काजळी जाळतो. पांढरंफटक, फोड आलेलं टोक म्हणजे सिलिंडर जास्त तापतोय.

ऑइल कुठे आहे हे तर फार बारकाईने बघावं. जळत्या टोकावर ओलं ऑइल असेल तर संशय पिस्टनच्या रिंगांवर किंवा व्हॉल्व्ह सीलवर. वर पोर्सिलेनवर आणि षटकोनी भागाभोवती असेल तर ट्यूबचं सील. पहिल्यात इंजिन खोलायची वेळ येऊ शकते, दुसऱ्यात टॅपेट कव्हर उघडून भागतं. आणि चारही सारखे काळे असण्यापेक्षा तीन स्वच्छ आणि एकच वेगळा असणं जास्त बोलकं असतं.

कार्यशाळा

सहमत नाही. इतकी वर्षं गाड्यांवर काम करतोय म्हणून कळकळीने सांगतो, चालू इंजिनचे प्लग दरवर्षी उघडू नका. हेड ॲल्युमिनियमचं, प्लगचे आटे पोलादाचे. दर उघडझाकीत झीज हेडच्या आट्यांची होते. इंजिन गरम असताना पाना लावला किंवा प्लग तिरका बसला की आटे गेलेच; मग नव्या आट्यांचं इन्सर्ट बसवणं आलं. जुन्या गाडीत कॉइलच्या कनेक्टरची क्लिप उष्णतेने ठिसूळ झालेली असते, ती हातात येते. विहिरीच्या तळाशी धूळ-खडे साचलेले असतात, हवा न मारता प्लग काढला की ते थेट सिलिंडरमध्ये.

टोकाला इरिडियम धातू असलेले प्लग लाखभर किमी जातात. त्यांचं टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड, त्याला तारेचा ब्रश लावला तर संपलं. आणि हल्लीच्या गाडीत मिसिंग (पेट्रोल नीट न जळणं) कुठल्या सिलिंडरला आहे हे संगणकच सांगतो. पी०३०३ कोड म्हणजे तिसरा सिलिंडर. रिंगांची शंका असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासा, प्लगच्या रंगावरून अंदाज कशाला बांधायचे?

लांबपल्ला

कॉम्प्रेशन तपासायला प्लग काढावेच लागतात ना? मग तेव्हाही बघणार नाही का?

कोडचं म्हणाल तर तो मिसिंग ठरावीक प्रमाणाबाहेर गेल्यावर येतो. माझी गाडी कित्येक दिवस आचके देत होती आणि डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा लागला नव्हता. त्या काळात न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं. आतली सिरॅमिकची जाळी जास्त तापून वितळूही शकते. मग प्लगचं दुखणं एक्झॉस्टपर्यंत जातं.

रोजचा चालक

माझी बाजू दोघांहून वेगळी आहे. बघत बसू नका, मुदतीच्या आधीच बदला.

साधा हिशोब करून पाहा. ताशी ६० किमी वेगाला इंजिन २,४०० आरपीएमवर असेल, तर फोरस्ट्रोकमध्ये प्रत्येक प्लग मिनिटाला १,२०० वेळा ठिणगी टाकतो. मिनिटाला एक किलोमीटर, म्हणजे लाख किलोमीटरला १२ कोटी ठिणग्या! प्रत्येक ठिणगी टोकाचा कण खाते आणि ठिणगी जिथे पडते तो दोन टोकांमधला गॅप वाढत जातो. गॅप वाढला की ती दरी ओलांडायला कॉइलला जास्त व्होल्टेज काढावं लागतं. प्लग दिसायला छान तपकिरीच असतो, पण कॉइल रोज ताणली जात असते. माझ्या आधीच्या गाडीत निकेलचे प्लग ७०,००० किमीपर्यंत ओढले, वरून रंग बघून समाधान मानलं, आणि एकामागोमाग दोन कॉइल गेल्या. निकेलच्या प्लगला साधारण ४०,००० किमीला निरोप द्यावा. गाडी सीएनजीवर असेल तर त्याच्याही आधी, कारण गॅसला ठिणगी पडायला व्होल्टेज जास्त लागतं.

लांबपल्ला

हे पटलं. रंगाइतकाच गॅपही बघायला हवा, माझ्या लेखात तो राहून गेला. फक्त इरिडियमवर नाण्यासारखं गोल गेज घुसवू नका, तारेचं गेज वापरा आणि तेही हलक्या हाताने.

नवीन सदस्य

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्या १,३०,००० किमीच्या गाडीचे प्लग काढल्यावर पांढऱ्या पोर्सिलेनवर, धातूच्या कडेला लागून, तपकिरी वलय दिसलं. एकाने सांगितलं की प्लगमधून कॉम्प्रेशन लीक होतंय, हेड खोलावं लागेल. गाडी चालायला उत्तम आहे. काय करू?

लांबपल्ला

हेडला हात लावू देऊ नका. त्याला कोरोना डाग म्हणतात. उच्च व्होल्टेजमुळे हवेतले ऑइलचे सूक्ष्म कण पोर्सिलेनकडे ओढले जाऊन तिथे चिकटतात. त्याने काही बिघडत नाही. पोर्सिलेनवर उभी काळी रेघ असती तर मात्र ठिणगी बाहेरून पळतेय असं समजून प्लग आणि बूट दोन्ही बदलायला सांगितलं असतं.

कार्यशाळा

बघा, माझी भीती हीच आहे! प्लग वाचायला निघालेल्या माणसाने एका निरुपद्रवी डागावरून हेड उतरवायचा सल्ला दिला. बराच वेळ आयडलवर उभ्या गाडीचा प्लग काढला तरी तो काळाच दिसतो, त्यावरून लोक इंजेक्टर बदलून मोकळे होतात. वाचन चुकीचं असेल तर न वाचलेलं बरं.

लांबपल्लांचं एक मान्य करतो. बदलताना निघालेले प्लग न बघता टाकून देणं हा कामातला हलगर्जीपणा आहे. मी ते क्रमाने मांडून ग्राहकाला दाखवतो. पण काढून, बघून, तोच परत लावणं नको. प्लगखालचा वायसर एकदा दबला की दबला.

आणि हे काम घरी करणार असाल तर इंजिन पूर्ण गार हवं. आधी विहिरीत हवा मारा. नवा प्लग पाना न लावता, नुसत्या एक्स्टेन्शनने बोटांनी फिरवत तळापर्यंत न्या. मध्ये अडला तर जोर नको, उलटा फिरवून पुन्हा सुरुवात. टॉर्क पाना नसेल तर वायसर टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. निमुळत्या बैठकीच्या, वायसर नसलेल्या प्लगला फक्त एक षोडशांश. आट्यांना ग्रीस लावू नका. बहुतेक प्लगच्या आट्यांवर मुलामा असतो, ग्रीसमुळे तोच टॉर्क जास्त ताण देतो आणि आटे ओढले जातात.

लांबपल्ला

'दरवर्षी चारही काढा' हे मी मागे घेतो. दरवर्षी फक्त कॉइल उचलून विहिरीत टॉर्च मारायचा, प्लगला पाना लावायचाच नाही. माझं ऑइल तेवढ्यानेही दिसलं असतं. प्लग मात्र मुदतीच्या अर्ध्यावर एकदा काढून बघणार, नवे वायसर घालून.

कार्यशाळा

टॉर्चला माझी हरकत नाही, उलट प्रत्येक सर्व्हिसला मारा. अर्ध्यावर काढण्याला अजूनही आहे. निकेलचे असतील तर अर्ध्यावर काढून परत लावण्यापेक्षा नवेच टाका. इरिडियम असतील आणि गाडी आचके देत नसेल, तर ते जिथे आहेत तिथेच राहू द्या.

नवीन सदस्य

कापडाला थोडं ब्रेक क्लीनर लावून वलय पुसून पाहिलं, तीन प्लगचं बरंचसं निघालं. हेडचं काम रद्द केलं. चौथ्याच्या विहिरीत तळाशी थोडं ऑइल दिसतंय, उद्या टॅपेट कव्हर उघडून घेतो.