ओई (ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे निवडीचा जादा पेपर) सुटा द्यावा की मुख्य पेपरशी जोडून?
(टोपणनावांनी लिहिणाऱ्या तिघांची चर्चा)

विहीर-नकाशा
मुख्य विषयाच्या बाहेरच्या विद्याशाखेतून ओई घेणं नव्या शैक्षणिक धोरणाच्या महाराष्ट्रातल्या आराखड्यात सक्तीचं आहे. प्रत्यक्षात बीएचं पोरगं रसायनशास्त्राचे २ श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे ३० तास बसतं आणि भूगोलाच्या वर्गात त्यातलं काहीच कामी येत नाही. माझं म्हणणं, पेपर जोडून द्या. भूगोल आणि पाणी परीक्षण, दोन्हीकडे तीच मुलं आणि तालुक्यातल्या त्याच विहिरी. भूगोलात विहिरीची खोली, शौचखड्ड्यापासूनचं अंतर, आजूबाजूची पिकं नोंदवायची. रसायनात त्याच पाण्याची कठीणता (विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचं प्रमाण) आणि नायट्रेट. नायट्रेट ४५ मिग्रॅ प्रति लिटर या मर्यादेच्या वर गेलं की कारण खत की शौचखड्डा, हे नुसत्या आकड्यावरून ठरत नाही, शेजारी नकाशा लागतो.

ब्युरेट
कागदावर छान आहे. ५० मिली नमुना, ब्युरेटमधून थेंबथेंब सोडायचं ०.०१ मोलर ईडीटीए (कठीणता मोजायचं द्रावण). १० मिली लागलं तर कठीणता २०० मिग्रॅ प्रति लिटर, म्हणजे भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा. रंग लालसर जांभळ्यावरून निळा होतो तो क्षण नवख्याला पकडता येत नाही, अर्धा-एक मिली सहज पुढे जातं. १ मिली म्हणजे २० मिग्रॅ! ९.५ ला १९० येतं आणि १०.५ ला २१०. तुमच्या नकाशावर चांगली विहीर लाल होणार आणि गावात बोभाटा होणार. हात बसायला प्रात्यक्षिकच हवं, आणि त्याला एका श्रेयांकाचे ३० तास धरतात. ओईच्या ३० तासांच्या व्याख्यानांत हे बसवू नका.

विहीर-नकाशा
मग २ श्रेयांक प्रात्यक्षिकाचेच ठेवा, ६० तास मिळतील. प्रत्येक नमुना तीनदा करायचा आणि वाचनं ०.१ मिलीच्या आत जुळेपर्यंत आकडा नकाशावर जाणार नाही, असा नियम करा. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, नायट्रेटचा नमुना बर्फात आणायचा. शिवाय मर्यादेच्या काठावरची विहीर वेगळ्या रंगात दाखवायला भूगोलवाल्यांनीही शिकलंच पाहिजे.

वेळापत्रक
दोघेही प्रयोगशाळेतच अडकलात. जोडी मोडते ती एटीकेटीला (नापास विषय घेऊन पुढच्या वर्गात जाण्याच्या सवलतीला). रसायनात नापास झालेला पुढच्या वर्षी बसतो, तेव्हा त्याची जोडीची तुकडी निघून गेलेली असते. शिवाय वर्कलोड, म्हणजे प्राध्यापकांचे शिकवण्याचे तास, विभागवार मोजतात. दोन प्राध्यापक एका तासाला उभे राहिले तर तो तास कोणाच्या नावावर?

ब्युरेट
त्यावर तोडगा आहे. एकत्र तास घ्यायचेच नाहीत. प्रकल्पाचा अहवाल एकच, पण गुण वेगळे: आकड्यांचे रसायनात, अर्थ लावण्याचे भूगोलात, दोन्ही अंतर्गत गुणांत. राहिलेल्याने त्याच वहीवरून फक्त आपला भाग पुन्हा द्यावा. प्रात्यक्षिकाचे ६० तास मिळत असतील तर माझा विरोध नाही. ३० वर मात्र ठाम विरोध.

वेळापत्रक
६० तास म्हणजे आठवड्याला चार, सलग दोन-दोन. बीएचं वेळापत्रक सकाळचं आणि प्रयोगशाळा दुपारी मोकळी, असं असेल तिथे जमेल. दुपारी बीएस्सीच्या तुकड्या असतील तिथे पहिल्या सत्राच्या आधी बसूनच ठरवावं लागेल, प्रवेश झाल्यावर नाही.