शब्दचर्चा: ‘लर्निंग डिसॅबिलिटी’साठी मोठ्या माणसाला ‘रेफर’ करणं मराठीत कसं म्हणायचं?

प्रश्न (भाषांतरकार, दांडिया बाजार)

ब्रिटनमधल्या आरोग्यसेवेचं एक माहितीपत्रक मराठीत करायचं आहे, तिकडे स्थायिक झालेल्या बडोद्याच्या मराठी कुटुंबांसाठी. विषय असा: अ‍ॅडल्ट माणसाला लर्निंग डिसॅबिलिटीच्या असेसमेंटसाठी रेफर करणं. मथळ्याचा पहिला खर्डा ‘वयस्कांना अध्ययन अक्षमतेच्या मूल्यांकनासाठी संदर्भित करणे’ असा झालाय. शब्द कोशातले आहेत, पण घरातल्या आजीला यातून काय कळेल? चारही शब्दांवर मत हवं.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, अलकापुरी

ताई, आधी ‘अध्ययन अक्षमता’ काढा. तिने अर्थच उलटा होतोय.

आपल्याकडे लर्निंग डिसॅबिलिटी म्हटलं की डिस्लेक्सिया, डिसग्राफिया, डिसकॅल्क्युलिया. म्हणजे बुद्धी सर्वसाधारण, पण वाचन, लेखन किंवा गणित एवढंच अडतं. त्याला ‘अध्ययन अक्षमता’ बरोबर आहे. ब्रिटनमध्ये ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ हाच शब्द बौद्धिक अक्षमतेसाठी वापरतात, आणि डिस्लेक्सियाला तिथे लर्निंग डिफिकल्टी म्हणतात. तिथल्या व्याख्येला तीन गोष्टी एकत्र लागतात: बुद्धीच्या कामात ठळक मर्यादा (बुद्ध्यंक साधारण 70 च्या खाली), रोजच्या व्यवहारात ठळक मर्यादा आणि दोन्हीची सुरुवात वयाच्या 18 वर्षांआधी. तिन्हींतली एक जरी नसेल तर निदान होत नाही.

शब्द चुकला तर माणूस चुकीच्या दारात जातो. वाचन अडखळणारा पदवीधर ‘लर्निंग डिसॅबिलिटी’च्या टीमकडे गेला तर ते त्याला परत पाठवतील, कारण प्रौढांच्या डिस्लेक्सियाची तपासणी तिथली सरकारी आरोग्यसेवा सहसा करत नाही. उलट ज्याला खरंच आधाराची गरज आहे, त्याच्या घरच्यांनी ‘अध्ययन अक्षमता’ वाचून ‘आपला कुठे शिकतोय आता’ म्हणत पत्रक बाजूला ठेवलं, तर त्याचं जास्त नुकसान. इंग्लंडमध्ये डॉक्टरच्या लर्निंग डिसॅबिलिटीच्या यादीत नाव असलं की 14 वर्षांपासून पुढे दरवर्षी आरोग्यतपासणी मिळते. नाव नसेल तर तीही जाते.

तुमच्या पत्रकात म्हणून ‘बौद्धिक अक्षमता’ हवी. शेजारी एक ओळ टाका: ‘इथे लर्निंग डिसॅबिलिटी म्हणजे डिस्लेक्सिया नव्हे.’

निवृत्त शिक्षिका, रावपुरा

‘वयस्क’ पण बदला. हिंदीत वयस्क म्हणजे अ‍ॅडल्ट, पण मराठीत वयस्क गृहस्थ म्हटलं की पांढरे केस डोळ्यांसमोर येतात. चोविशीचा मुलगा त्यात बसत नाही. ‘सज्ञान’ हा कोर्टातला शब्द. ‘प्रौढ’ चालेल, फक्त ‘प्रौढ शिक्षण’ची आठवण येते. घरोघरी जायचंय तर सरळ ‘18 वर्षांवरील व्यक्ती’ लिहावं.

आणि ‘मतिमंद’ परत येऊ देऊ नका. ‘गतिमंद’ हा शब्द लोक त्याहून सौम्य म्हणून वापरतात, पण शाळेत तो संथ शिकणाऱ्या, म्हणजे 70 ते 85 च्या मधला बुद्ध्यंक असलेल्या मुलांना लावला जायचा. वेगळा गट आहे तो.

सामाजिक कार्यकर्ता, कारेलीबाग

भारतातला घोळ मात्र कायद्यातच आहे, तो इथे नोंदवतो. दिव्यांगजन हक्क अधिनियम 2016 च्या परिशिष्टात ‘बौद्धिक अक्षमता’ या मथळ्याखालीच विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि ऑटिझम हे दोन्ही पोटप्रकार घातलेत. व्याख्या वेगवेगळ्या आहेत, पण डबा एक. त्यामुळे फॉर्म भरणारा कारकून ‘बौद्धिक’वर खूण करतो आणि डिस्लेक्सियाच्या मुलाचे आईवडील घाबरतात. फॉर्मवर पोटप्रकार स्पष्ट लिहून घ्या.

दुसरा फरक त्याहून मोठा आहे. सज्ञान माणसासाठी कायदेशीर पालक नेमायची सोय राष्ट्रीय न्यास कायदा 1999 मध्ये आहे, अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे जातो. ती सोय ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविध अपंगत्वासाठी. निव्वळ डिस्लेक्सियाला ती नाही, आणि नसावीच. एका चुकीच्या शब्दाने स्वतःचे व्यवहार करू शकणाऱ्या माणसाच्या सहीवर प्रश्न उभा राहू शकतो.

तसंच मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 ने मानसिक आजाराच्या व्याख्येतून बुद्धीचा विकास अपुरा राहण्याची स्थिती मुद्दाम वगळली आहे. तेव्हा ‘मनोरुग्ण’ हाही शब्द नको.

प्रश्नकर्ती

मोलाचं आहे हे. आता ‘रेफर’? ‘संदर्भित’ला पर्याय सुचवा. ‘शिफारस’ कसं?

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, अलकापुरी

‘शिफारस’ने वशिल्याचा वास येतो, ‘शिफारसपत्र’ नोकरीसाठी असतं. ‘पाठवणी’ तर लग्नातली. महाराष्ट्रात ‘संदर्भ सेवा रुग्णालय’ अशी पाटी नाशिकला आणि अमरावतीला आहे, म्हणून सरकारी मराठीत ‘संदर्भ’ रुळलाय. पण तोंडात नाही. दवाखान्यात आपण ‘डॉक्टरांनी चिठ्ठी दिली’ म्हणतो. बडोद्यात तर मराठी आणि गुजराती दोघंही चिठ्ठीच म्हणतात. क्रियापद ‘तज्ज्ञांकडे पाठवणे’, कागद म्हणजे ‘चिठ्ठी’. झालं.

‘असेसमेंट’ला ‘मूल्यांकन’ म्हटलं की जमीन किंवा मार्क, ‘आकारणी’ म्हटलं की घरपट्टी. ‘चाचणी’ म्हणजे त्यातला एक तुकडा. ‘तपासणी’ घ्या आणि खाली सांगा की ती रक्ताची नाही: गप्पा, कोडी, घरच्यांशी बोलणं, शाळेचे कागद बघणं.

शब्दापेक्षा चिठ्ठीतला मजकूर जास्त अडवतो. ‘बुद्धी कमी वाटते, तपासावे’ एवढ्यावर काही होत नाही. खालचा नमुना रचलेला आहे, कुणा एकाचा नाही:

‘वय 34. शिक्षण 9वीपर्यंत, गुजराती माध्यम, घरी मराठी. 3रीत आणि 7वीत नापास. अडीच वर्षांनी चालायला लागला, वाक्यं चौथ्या वर्षी (आईने सांगितलं). पॅकिंगच्या कामावर 6 वर्षं. नेहमीचं काम चोख, माल बदलला की पुन्हा शिकवावं लागतं. 500 ची नोट देऊन 340 चा माल घेतला तर परत किती, सांगता येत नाही. ठरलेल्या बसने एकटा जातो, बस बदलावी लागली की फोन करतो. औषधांच्या वेळा आई बघते. फिट येत नाही, डोक्याला मार नाही. नजर, कान तपासले. थायरॉइडचा रिपोर्ट सोबत. तपासणी कशासाठी हे त्याला समजावलं आहे, त्याची तयारी आहे.’

यातलं प्रत्येक वाक्य कशाला तरी उत्तर देतं. चालणं, बोलणं, नापास होणं हा 18 आधीचा पुरावा. नोटेचा हिशोब, बस आणि औषधं म्हणजे रोजचा व्यवहार. नजर, कान आणि थायरॉइड यासाठी की ऐकू कमी येणारा किंवा थायरॉइड बिघडलेला माणूस संथ दिसतो. डोक्याच्या माराचं यासाठी की तिसाव्या वर्षी अपघातानंतर आलेली मंदता ही बौद्धिक अक्षमता नव्हे, त्याची वाट न्यूरॉलॉजिस्टकडे जाते. उदासीनतेतही (डिप्रेशनमध्ये) चाचणीतले गुण कमी येतात. ती आधी बघावी.

निवृत्त शिक्षिका, रावपुरा

18 आधीचा पुरावा बहुतेक घरांत नसतोच असं समजतात, पण शोधला तर निघतो. शाळा सोडल्याचा दाखला, प्रगतिपुस्तकं, लसीकरणाचं कार्ड. आई नसेल तर मोठी बहीण किंवा आत्या. त्यांना ‘हुशार होता का’ विचारलं तर ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी ‘धाकट्या भावाच्या आधी बटणं लावायला शिकला का नंतर?’ असं विचारावं.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, अलकापुरी

चाचण्यांबद्दल थोडं. प्रौढांसाठी वेश्लरची प्रौढ बुद्धिचाचणी, तिची चौथी आवृत्ती 16 ते 90 वर्षांसाठी; दीड तास धरा. जोडीला व्यवहारक्षमतेची मोजणी हवी, नुसत्या बुद्ध्यंकावर निदान लिहिलेलं असेल तर रिपोर्ट अपुरा आहे. बिने-कामत बुद्धिचाचणी मराठी-कन्नड मुलांवर बसवलेली, पण ती 22 वर्षांपर्यंतच. चाळिशीच्या माणसाला ती लावलेली दिसली तर विचारा.

भाषा सगळ्यात जास्त फसवते. गुजराती माध्यमात शिकलेल्याला देवनागरी उतारा दिला तर तो शिरोरेखेच्या सवयीअभावी अडखळेल. घ-ध, भ-म गोंधळणं आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकणं यावरून डिस्लेक्सिया ठरत नाही. वाचन ज्या लिपीत शिकला त्या लिपीत तपासायचं, गप्पा घरच्या भाषेत. चिठ्ठीत दोन्ही भाषा लिहा.

प्रौढ डिस्लेक्सियाची अडचण वेगळी. आपल्याकडे अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी निमहान्सची (बंगळुरूची मानसिक आरोग्य संस्था) चाचणीमाला धरतात, तिची वरची पातळी 8 ते 12 वर्षांसाठी आहे. केंद्र सरकारच्या 2018 च्या सूचनांप्रमाणे प्रमाणपत्र 8 व्या वर्षी, पुन्हा 14 आणि 18 ला, आणि 18 चं आयुष्यभर चालतं. म्हणून 18 ची तारीख चुकवू नका. त्या सूचना 2024 मध्ये सुधारल्यात, तेव्हा प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळाकडे चालू नमुना मागा. आणि रिपोर्टवर सही करणाऱ्याचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक बघा.

प्रश्नकर्ती

नवा मथळा: ‘18 वर्षांवरील व्यक्तीला बौद्धिक अक्षमता आहे का, हे तपासण्यासाठी तज्ज्ञांकडे पाठवणे’.

निवृत्त शिक्षिका, रावपुरा

छान झालं. एक राहिलं. ‘व्यक्ती’ स्त्रीलिंगी, त्यामुळे खालच्या मजकुरात ‘तिला विचारा’, ‘तिची संमती घ्या’ येईल आणि लोक ते फक्त बाईबद्दल समजतील. मथळ्यात ‘व्यक्ती’ ठेवा, आत ‘तुमच्या घरातल्या माणसाला’ लिहा. आणि संमतीची ओळ वरच्या अर्ध्यात घ्या. खाली गेली की घरचे संमतीआधीच फॉर्म भरून मोकळे होतात.