गिनीपिगची लघवी पांढरी, उंदरांची नाही. खाण्यामुळे का?

नमस्कार मंडळी, मालवणजवळ राहते. लेकीने एक गिनीपिग आणि दोन पांढरे उंदीर पाळलेत. तिघांचं खाणं जवळपास एकच: परसातला शेवग्याचा पाला, लाल माठ, थोडी नाचणी, कधी भाताचा कोंडा. पावसाळ्यात कुरिअरने मागवलेलं सुकं गवत बुरशी धरतं, म्हणून सध्या शेवगाच जास्त. फुकटचा आहे ना!

गिनीपिगच्या पिंजऱ्यातल्या कागदावर लघवी वाळली की चुन्यासारखा थर राहतो. बोटाने चोळला तर पिठासारखा मऊ लागतो. उंदरांच्या कागदावर असलं काही नाही. इथले गुरांचे डॉक्टर म्हणाले, कॅल्शियम बंद करा. पण ते माठातही आहे, नाचणीत तर 100 ग्रॅमला 350 मिलिग्रॅमच्या आसपास! मग बंद काय काय करू?

उत्तर: ताई, घाबरू नका. गिनीपिगची लघवी थोडी पांढरट असतेच. उंदराचं आतडं ड जीवनसत्त्वाच्या मदतीने गरजेपुरतं कॅल्शियम घेतं, बाकीचं लेंड्यांतून जातं. गिनीपिग खाल्लेल्यातलं बरंच शोषून घेतो आणि जास्तीचं लघवीतून टाकतो.

नुसत्या आकड्यावर जाऊ नका, अंगी किती लागतं ते बघा. माठातलं ऑक्सलेट कॅल्शियमला आतड्यातच धरून ठेवतं. (अळू खाजतं तेही ऑक्सलेटच्याच सुयांमुळे.) नाचणी-कोंड्यात फायटेट असतं, तेही खनिजं अडवतं. शिवाय कोंड्यात फॉस्फरस भरपूर, आणि तो अति झाला तर गिनीपिगच्या अंगात नको तिथे कॅल्शियम साचतं. त्यामुळे त्याचा कोंडा आणि नाचणी बंदच करा. शेवग्याच्या पाल्यातही कॅल्शियम भरपूर, म्हणून तो अधूनमधून एखादी डहाळी, मुख्य खाणं गवत. कॅल्शियम पूर्ण तोडू नका, हाडांना लागतंच. रोज ढोबळी मिरची किंवा पेरूची फोड द्या. उंदीर क जीवनसत्त्व स्वतः तयार करतो, गिनीपिगला ते जमत नाही.

थर वाळूसारखा खरखरीत लागला, लघवीत रक्त दिसलं किंवा लघवी करताना तो किंचाळला, तर लगेच एक्स-रे काढून घ्या. खडा असू शकतो.

ताई: खूप आभार! दारातली दूर्वा चालेल का? सध्या सतत भिजलेलीच असते.

उत्तर: चालेल की. झटकून, पंख्याखाली पसरून सुकवा. ढीग करून ठेवलेली, आतून गरम झालेली मात्र देऊ नका, पोट फुगतं.