हब म्हणजे इमारत की वेळापत्रक?

रुळावरचा: "मेट्रो, बस, रेल्वे एका छपराखाली आणा, लोक आपोआप स्वतःच्या गाड्या वापरणं सोडतील" ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. छप्पर एक, पण तिकिटं तीन, रांगा तीन आणि बस सुटते नेमकी ट्रेन यायच्या आधी. याला वाहतुकीचं हब म्हणायचं? हॅम्बुर्गने १९६५ मध्येच वेगवेगळ्या वाहतूक संस्थांचा एक संघ केला. झुरिच भागात १९९० पासून रेल्वे, ट्राम, बस, बोट, सगळ्याला एकच तिकीट चालतं. आधी हे जमवा, काँक्रीट नंतर ओता.

पादचारी: ती पोस्ट माझीच. एकच तिकीट हातात असलं तरी भर पावसात सामान घेऊन चौपदरी रस्ता ओलांडायचाच ना? माझ्या आईने त्यापायीच ट्रेन सोडली. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टला स्टेशनखाली १२,५०० सायकलींचा तळ आहे, तो काँक्रीटचाच आहे!

चौथी_पायरी: आणि लिफ्टचं कोण बोलणार? माझा भाऊ व्हीलचेअरवर असतो. एका नव्याकोऱ्या इंटरचेंजवर लिफ्टच्या दारावर "देखभालीचे काम चालू" असा कागद होता, चिकटपट्टी वाळून निघालेली. शेवटी दोन हमालांनी त्याला खुर्चीसकट उचलून खाली नेलं. त्याची मान शरमेने खाली गेली होती.

हिशेबी: देखभालीला पैसा लागतो. हाँगकाँगमध्ये स्टेशनवरच्या बांधकामाचे हक्क मेट्रो कंपनीलाच मिळतात, त्यातून खर्च निघतो. वर दुकानं काढा, लिफ्ट चालतील.

चौथी_पायरी: दुकानं होतीच की तिथे! चकाचक, दिवे लखलखत. सरकते जिने मुद्दाम असे बसवलेत की दुकानांना वळसा घातल्याशिवाय फलाट दिसत नाही. माणसाला गिऱ्हाईक समजून बांधलेली जागा आहे ती.

हिशेबी: मग तिकीट महाग करा. फुकटात काहीच चालत नाही, एवढं तरी कळायला हवं.

पादचारी: भाषा सांभाळा. त्यांच्या भावाचा प्रश्न आहे.

रुळावरचा: लिफ्टचं मान्य, नाइलाजाने का होईना. पण धागा भरकटला. स्वित्झर्लंडने १९८२ पासून देशभर ठरावीक अंतराने गाड्या सोडल्या आणि जोडगाड्यांची वेळ जुळवली. रात्री शेवटची बस डोळ्यांदेखत सुटते तेव्हा इमारत कितीही देखणी असो, तिचा काय उपयोग?

चौथी_पायरी: जुळवा की वेळ. फक्त गाडी बदलायला किती मिनिटं लागतात ते लिफ्टने जाणाऱ्याच्या गतीने मोजा, जिने धावत चढणाऱ्याच्या नको.