संशोधनाचा निधी विषय पाहून द्यायचा का?

अंबाझरीची_वाचक (धागा)

नागपुरात पीएचडीचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येते: सरकारी पैसा ज्यातून काही हाती लागते त्याच संशोधनाला मिळावा. म्हणजे शेती, औषधे, पाणी, यंत्रे. इतिहास, भाषा, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान ज्याला करायचे त्याने पदरमोड करून करावे. डिसेंबर २०२३ च्या हिवाळी अधिवेशनात, इथेच, पीएचडी करून काय दिवे लावणार असा सवाल झाला आणि तेव्हापासून हे मत जास्त उघडपणे बोलले जाते. मला ते साफ अमान्य आहे.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिसदुरा नावाचे गाव आहे. तिथे डायनोसॉरची दगड झालेली विष्ठा सापडते. कुणाच्या उपयोगाची? पण ती घासून, आम्लात विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तेव्हा तिच्यात गवताच्या पेशींतले सिलिकाचे कण मिळाले. २००५ साली हे सायन्स नियतकालिकात आले. तोवर गवताचा खात्रीचा जुना पुरावा डायनोसॉर संपल्यानंतरचाच होता. पुढे २०११ मध्ये तशाच नमुन्यांतून भाताच्या कुळातल्या वनस्पतींच्या खुणा मिळाल्या. जगाचे पोट भरणाऱ्या पिकाच्या पूर्वजांचा माग आपल्या विदर्भाच्या मातीत लागतो, हे वाचून मला रात्री झोप आली नव्हती.

दुसरे उदाहरण रामटेकजवळच्या नगरधनचे. वाकाटक राजांच्या ताम्रपटांत नंदिवर्धन हे राजधानीचे नाव येते, ते हेच गाव मानतात. आपल्या नागपुरात शिकवलेले महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे कोरीव लेख वाचून, जुळवून १९६३ मध्ये त्यांचा खंड सिद्ध केला. प्रभावतीगुप्ता या राणीच्या पुणे ताम्रपटात सुरुवातीला सासरच्या वाकाटकांची नव्हे, माहेरच्या गुप्तांची वंशावळ दिलेली आहे. नंतर २०१५ ते २०१८ मध्ये डेक्कन कॉलेज आणि राज्य पुरातत्त्व विभागाने नगरधनला उत्खनन केले, तेव्हा याच राणीच्या नावाची मातीची मुद्रा तिथे हाती आली. आधी कुणीतरी संस्कृत आणि ब्राह्मी लिपी घेऊन आयुष्यभर बसले नसते, तर त्या मुद्रेवरची अक्षरे वाचणार कोण होते?

ही दोन कामे एकाच कसोटीवर तोलता येत नाहीत, आणि तोलूही नयेत असे माझे म्हणणे आहे. विषयावरून निधी बंद करणे म्हणजे कोणत्या प्रश्नांची उत्तरे कधीच मिळू नयेत हे आधी ठरवून टाकणे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहावे.

वर्धारोड_इंजिनिअर

ताई, तुमची उदाहरणे वाचायला छान आहेत, पण पैशाचे बोला. भारताचा संशोधनावरचा एकूण खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के इतकाच आहे. इतक्या तुटपुंज्या रकमेत सगळ्यांना थोडेथोडे द्यायचे म्हटले तर एकाही प्रयोगशाळेला धड काम करता येणार नाही. उपकरण आले तर ते चालवायला माणूस नाही, माणूस आला तर रसायने नाहीत.

नागपुरातल्या नीरीचे, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे पाहा. कोविडच्या काळात नाकात काडी न घालता, मिठाच्या पाण्याची गुळणी करून आरटी-पीसीआर चाचणी करायची पद्धत त्यांनी काढली आणि मे २०२१ मध्ये आयसीएमआरने तिला मान्यता दिली. ग्रामीण भागात, जिथे नमुना घ्यायला शिकलेला माणूस नसतो, तिथे त्याचा किती उपयोग! सामान्य करदात्याला हे दाखवता येते. एखाद्या राणीने माहेरची वंशावळ आधी का लिहिली हे कळल्याने त्याच्या आयुष्यात काय बदलते, ते सांगा.

इतिहासाचा मला तिरस्कार नाही. घरी इतिहासाची पुस्तके आहेत, ती मी विकत घेतलेली आहेत. आवड आणि सार्वजनिक खर्च यांत फरक करा एवढेच म्हणतो. नागपूरच्या भूगर्भाचा अभ्यास करणारा स्टीफन हिस्लॉप कुणाची फेलोशिप घेत नव्हता.

बजाजनगरचा_रिसर्चस्कॉलर

मी भौतिकशास्त्रात पीएचडी करतोय, तरी इंजिनिअर साहेबांना विरोध करतो. आज तुम्ही इतिहासाला बाहेर काढाल, उद्या आमचा नंबर आहे. शुद्ध विज्ञानातून तरी काय लगेच हाती लागते?

तुम्ही दिलेल्या उदाहरणाचेच घ्या. आरटी-पीसीआरमध्ये डीएनएच्या प्रती काढताना नमुना पुन्हापुन्हा उकळत्या पाण्याच्या जवळपास तापवावा लागतो. ते सहन करणारे विकर (एन्झाइम) मुळात अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानातल्या गरम झऱ्यांत राहणाऱ्या एका जिवाणूचे. तो १९६९ साली शास्त्रीय नोंदीत आला. ज्यांनी तो शोधला त्यांना इतक्या उष्णतेत जीव जगतो कसा एवढेच जाणून घ्यायचे होते. पीसीआरची कल्पना त्यानंतर सुमारे चौदा वर्षांनी, १९८३ मध्ये आली. गरम झऱ्यातल्या जिवाणूचा करदात्याला काय उपयोग असे तेव्हा विचारून निधी नाकारला असता तर?

आणखी एक सांगतो, बाहेर हे कमी माहीत असते. प्रत्येक शाखेत काम कसे मोजतात तेच वेगळे आहे. आमच्याकडे शोधनिबंधावर कधी कधी शेकडो लेखक असतात. गणितात एक-दोन. संगणकशास्त्रात परिषदेतल्या निबंधाला मान, इतिहासात दहा वर्षे खपून लिहिलेल्या एका ग्रंथाला. उत्खननवाल्यांना पावसाळ्यात थांबावे लागते, खोदून झाल्यावर खापरे नि हाडे तपासायलाच वर्षे जातात. सगळ्यांना वर्षाला किती पेपर हा एकच प्रश्न विचारला की ग्रंथ लिहिणारा नापास आणि एका प्रयोगाचे चार तुकडे करून छापणारा पास.

निवृत्त_मराठी_विभाग

धागाकर्तीची तळमळ पोचली. पण मी विरोधी बाजूने लिहिणार आहे, आणि तेही मानव्यविद्येत उभे आयुष्य काढून.

वैविध्य म्हणून ज्याचा गौरव चालला आहे ते प्रत्यक्षात कुठे आहे? मराठीच्या प्रबंधांची शीर्षके वाचा. अमक्या लेखकाच्या कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रण, तमक्या लेखिकेच्या कथांतील ग्रामजीवन. नाव बदलले तरी आतली प्रकरणे तीच: लेखकाचे चरित्र, कथानकांचा गोषवारा, निष्कर्ष. त्याच वेळी गोंडीसारखी भाषा आपल्या दाराशी आहे. २०११ च्या जनगणनेत तिचे सुमारे तीस लाख भाषक नोंदले गेले, आजही ती आठव्या अनुसूचीत नाही. तिच्या बोलींतले फरक, तिची लग्नगीते, शेतीचे शब्द नोंदवायला रानात जाणारे विद्यार्थी मला फार थोडे भेटले. का? गाइडला गोंडी येत नाही, आणि ग्रंथालयात बसून होणारा विषय लवकर संपतो.

हिस्लॉपचा उल्लेख झाला. तो मिशनरी होता, त्याचा उदरनिर्वाह मिशनवर चालायचा, म्हणजे कुणीतरी पैसे देत होतेच. टाकळीचे जीवाश्म त्याने गोळा केले आणि गोंडांची गाणी, कथा, शब्दही उतरवून घेतले. टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना १८६३ साली तो नाल्याच्या पुरात बुडून गेला. त्याचे गोंडांविषयीचे टिपण १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी छापले. त्याच्या लेखनातला मिशनरी दृष्टिकोन मला मान्य नाही, तरी दगड आणि गाणे दोन्हींकडे तितक्याच गंभीरपणे पाहणारा तो माणूस होता. आज विद्यापीठात भूशास्त्राचा विद्यार्थी मराठी विभागाच्या पायऱ्या चढत नाही.

म्हणून निधी जसा आहे तसा सगळ्या विषयांना चालू ठेवा, याला माझा विरोध आहे. चालू ठेवल्याने पोकळ काम वाढते आणि मग इंजिनिअर साहेबांसारख्यांना सगळेच पोकळ वाटू लागते.

काटोलचा_कास्तकार

मी पऱ्हाटीवाला, म्हणजे कापूसवाला माणूस, प्रबंध-बिबंध आपले काम नाही. पण उपयोगाचे संशोधन म्हणता ना, त्याचे काय होते ते सांगतो.

बोंडअळीला मारणारे जनुक घातलेला बीटी कापूस २००२ मध्ये आला. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे यायचे. ते बांधाकडून लावायचे, म्हणजे अळी तिथे जगेल आणि बीटीला सरावलेली जात लवकर तयार होणार नाही. शास्त्र बरोबर होते. पण अळीसाठी पीक लावा असे कास्तकाराला सांगितले तर तो लावणार काहून? बहुतेकांनी ते पाकीट फेकले. मग २०१७ ला गुलाबी बोंडअळीने आमच्याकडे काय केले ते सगळ्यांनी पाहिले.

फरदडीचेही, म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवण्याचेही तसेच. डिसेंबरनंतर पऱ्हाटी ठेवू नका, अळीला खायला मिळते, असे कापूस संशोधन संस्थेवाले दरवर्षी सांगतात. आम्हालेही कळते. पण उभ्या पिकाला एक पाणी दिले तर आणखी चार क्विंटल येईल या आशेवर माणूस ठेवतो. हरभरा पेरायचा तर बियाणे, नांगरट, मजुरी सगळे नव्याने. हाती पैसा नसतो, सावकाराचे आधीचे देणे असते. हे प्रयोगशाळेत दिसत नाही. गावात राहून, हिशोबाच्या वह्या पाहून, बायांशी बोलून जो समजून घेईल त्याचे संशोधन आम्हाले पाहिजे. तो समाजशास्त्राचा असो नाहीतर अर्थशास्त्राचा.

वर्धारोड_इंजिनिअर

भाऊंचा मुद्दा ताकदीचा आहे. पण तो माझ्या बाजूनेही जातो. फरदड का ठेवतात हा उपयोगाचाच प्रश्न आहे, अशा समाजशास्त्राला मी नाही म्हटलेलेच नाही. माझा आक्षेप कायम आहे.

धाग्यात आलेली उदाहरणे यशस्वी झाल्यावर निवडलेली आहेत. पिसदुऱ्याचे कण सापडले म्हणून सांगता, गरम झऱ्यातला जिवाणू कामी आला म्हणून सांगता. जे हजारो प्रबंध कपाटात पडले त्यांचा हिशोब कोण देणार? एखादे पुढे कामी येईल म्हणून सगळ्यांना पैसे द्या, हे धोरण कुठल्याच घरात चालत नाही. आधी कसे ओळखायचे ते सांगा.

मेडिकल_चौक

मी रक्तविकारांशी संबंधित काम करते, तेवढ्यापुरते लिहिते. सिकलसेल हा आनुवंशिक आजार विदर्भात किती घरांत आहे हे इथल्या लोकांना सांगायला नको. नागपुरातून त्याविषयीचा निबंध लॅन्सेटमध्ये १९५८ सालीच आला होता. चाचणी आज स्वस्त आहे, गावात होते. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, २०४७ पर्यंत आजार हटवायचे ठरले आहे.

अडते कुठे? वाहक असल्याचे कळले की मुलीचे लग्न मोडेल या भीतीने घरचे अहवाल लपवतात. आजार ठरावीक समाजांत जास्त आढळतो, म्हणून त्या समाजावर शिक्का बसतो. समुपदेशकाने कोणत्या शब्दांत सांगावे, आधी कुणाला सांगावे, आत्याला की आईला, हे वैद्यकाच्या पुस्तकात नाही. ते जातव्यवस्था आणि नातेसंबंधांचा अभ्यास करणाऱ्यांनी लिहिलेले आहे, आणि त्यांनी ते लिहिले तेव्हा सिकलसेल त्यांच्या मनातही नव्हता. इंजिनिअर साहेब, उपयोगाचे समाजशास्त्र तेवढे ठेवा असे म्हणून ते वेगळे काढता येत नाही. लग्न कसे ठरते याचा साधा, बिनउपयोगी वाटणारा अभ्यास आधी झाला होता म्हणून आम्हाला वापरता आला.

अंबाझरीची_वाचक

आधी कसे ओळखायचे, हा प्रश्न योग्य आहे. फळ आधी ओळखता येत नाही. काम ओळखता येते. प्रश्न नेमका आहे का, आधी कुणी काय केले ते वाचले आहे का, पुरावा कुठून येणार, आणि निष्कर्ष चुकीचा ठरू शकेल अशी जागा ठेवली आहे का. इतके ताम्रपटाच्या अभ्यासकालाही विचारता येते आणि कापसाच्या जनुकशास्त्रज्ञालाही. पद्धत वेगळी, पण प्रामाणिकपणा तपासता येतो. विषय पाहून नाकारणे सोपे पडते, कारण त्यासाठी अर्ज वाचावा लागत नाही.

खर्चाचेही बोलते. लिपी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ग्रंथालय, प्रवास आणि पोटापुरती फेलोशिप लागते. त्याचे पैसे कापून प्रयोगशाळेचे मोठे यंत्र येणार नाही. यंत्राचे पैसे हवेत तर ०.६४ चा आकडा वाढवण्यासाठी आपण एकत्र भांडू या. फेलोशिप महिनोन्महिने थकते तेव्हा इतिहासाचा आणि रसायनाचा विद्यार्थी एकाच खोलीचे भाडे चुकवत असतात.

सर, पोकळ प्रबंधांविषयी तुम्ही लिहिले ते मला टोचले. पण गोंडीचा विद्यार्थी रानात जावा असे वाटत असेल तर त्याला जास्त वर्षे आणि जास्त पैसे द्यावे लागतील. निधी आखडला तर पहिला तोच अडेल, गोषवारा लिहिणारा नाही.

निवृत्त_मराठी_विभाग

याच जागी आपले जुळत नाही. जास्त पैसे द्या, पण थोड्यांना द्या. जागा कमी करा, गोंडी न येणाऱ्याला गोंडीचा गाइड नेमू नका, आणि परीक्षक परप्रांतातले, अनोळखी असू द्या. प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर चढतात, तिथे कुणीही वाचू शकतो, मग तोंडी परीक्षेलाही श्रोते का येऊ नयेत? हे होत नाही तोवर सर्व विषयांना सारखा निधी या मागणीवर मी सही करणार नाही.

वर्धारोड_इंजिनिअर

सरांशी सहमत. एवढी चाळणी लावणार असाल तर विषयाची अट मी मागे ठेवतो, सोडत नाही. चाळणी आधी दिसू द्या.

बजाजनगरचा_रिसर्चस्कॉलर

सर, जागा कमी केल्या तर पहिल्या पिढीत शिकणारा, खेड्यातून आलेला विद्यार्थी आधी गळतो. गोंडी घरात बोलणारा बहुधा तोच असतो. चाळणी लावणाऱ्यांनी हेही पाहावे.

काटोलचा_कास्तकार

चाळणी कुठलीही लावा. पण कुणाले फरदडीवर काम करायचे असेल तर जूनमध्ये पेरणीच्या धावपळीत येऊ नका. उलंगवाडीच्या, म्हणजे कापसाचा हंगाम आटोपण्याच्या आधी या. पऱ्हाटी उपटायची की ठेवायची हे घरात तेव्हाच ठरते, आणि त्या बोलण्यात घरची बाईही असते. तिलेही विचारा.