एनएलपीमुळे मनात घट्ट बसलेल्या धारणा खरोखर बदलतात का? कार्यशाळेला जावे की नाही, याबद्दल सल्ला हवा आहे

उंबरठा (धागाकर्ता)

नमस्कार. कामाच्या ठिकाणी नियमित बैठका असतात आणि त्यांत मी जवळजवळ गप्प बसते. ‘मी प्रश्न विचारला की माझे अज्ञान उघडे पडते’ अशी एक धारणा मनात पक्की बसली आहे. तिच्यात तथ्य नाही हे बुद्धीला पटते, तरीही ऐन वेळी प्रश्न ओठांवर येऊन तिथेच विरतो आणि नंतर तोच प्रश्न दुसऱ्या कोणीतरी विचारल्यावर चुटपुट लागते.

एका परिचितांनी न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंगची, म्हणजे एनएलपीची, कार्यशाळा सुचवली आहे. ‘मर्यादा घालणाऱ्या धारणा अवचेतन मनातून एका सत्रात काढून टाकू’ असे तिच्या माहितीपत्रकात लिहिले आहे. तिथे प्रत्यक्षात काय करून घेतात, त्याला काही शास्त्रीय आधार आहे का आणि माझ्यासारखीने कोणत्या मार्गाने जावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. ‘श्रद्धा असेल तर गुण येतो’ आणि ‘सगळे थोतांड आहे’ ही दोन्ही उत्तरे मी ऐकून बसले आहे, म्हणून थोडे खोलात लिहिलेत तर उपकार होतील.

ताम्रपट

मी एनएलपीचे प्रशिक्षण घेतले आहे आणि त्यातला काही भाग आजही वापरतो. तेव्हा माझा थोडा कल त्या बाजूला आहे, हे लक्षात घेऊनच पुढचे वाचावे.

ही पद्धत १९७०च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील शाखेत आकाराला आली. रिचर्ड बँडलर तेव्हा तिथे विद्यार्थी होते आणि जॉन ग्रिंडर भाषाशास्त्र शिकवत होते. फ्रिट्झ पर्ल्स, व्हर्जिनिया सटीर आणि मिल्टन एरिक्सन हे त्या काळचे नावाजलेले उपचारक आपल्या अशिलांशी नेमके कसे बोलतात, याचे या दोघांनी बारकाईने निरीक्षण केले आणि १९७५ साली त्यावरचे आपले पहिले पुस्तक प्रसिद्ध केले. ‘प्रोग्रॅमिंग’ या शब्दामुळे संगणकाचा भास होत असला, तरी पहिल्या मांडणीचा पाया भाषेचा होता आणि माझ्या मते आजही तिचा सर्वांत टिकाऊ भाग तोच आहे.

त्या मांडणीनुसार आपण अनुभव जसाच्या तसा साठवत नाही. आपण त्यातले काही गाळतो, काही वाकवतो आणि उरलेल्यावरून सरसकट नियम बनवतो. तुम्ही ज्याला धारणा म्हणता, तो बहुतांशी असा सरसकट नियमच असतो. एकदोन प्रसंगांवरून तो तयार होतो आणि पुढे त्याला धरून असणारेच प्रसंग नजरेत भरत राहतात, त्यामुळे तो आपोआप पोसला जातो. आल्फ्रेड कॉर्झिब्स्की यांचे ‘नकाशा म्हणजे प्रत्यक्ष प्रदेश नव्हे’ हे वचन एनएलपीवाल्यांच्या तोंडी सतत असते, ते याच अर्थाने.

आता कार्यशाळेत काय होते ते सांगतो. एक प्रकार सबमोडॅलिटीचा. डोळे मिटून तुम्हाला ती नकोशी धारणा मनासमोर आणायला सांगतात आणि चित्र कुठे दिसते, केवढे आहे, रंगीत आहे की फिकट, स्थिर आहे की हलते, आवाज कोणत्या बाजूने येतो, असे विचारतात. मग पूर्वी खरी वाटणारी पण आता आपसूक गळून पडलेली एखादी समजूत आठवायला सांगतात. तिचे चित्र बहुधा लांब, लहान आणि पुसट असते. त्यानंतर पहिल्या चित्राला दुसऱ्याचे गुणधर्म द्यायचे आणि रिकाम्या झालेल्या जागी हवी ती नवी धारणा ठळक करून बसवायची. ‘स्विश’ नावाच्या प्रकारात अडचण सुरू होते त्या क्षणाचे चित्र झटक्यात मागे सारून त्या जागी अडचणीतून सुटलेल्या स्वतःचे चित्र आणतात आणि हे वेगाने पुन्हा पुन्हा करवून घेतात. अँकरिंगमध्ये आत्मविश्वासाचा एखादा जुना प्रसंग मनात पूर्ण जागा करून, तो शिगेला असताना बोटांची विशिष्ट जुळणी करायची, म्हणजे पुढे त्या जुळणीने ती मनःस्थिती परत बोलावता यावी, अशी कल्पना आहे. रॉबर्ट डिल्ट्स यांनी धारणांवर विशेष काम केले आहे. त्यांच्या एका पद्धतीत धारणा जिथे रुजली त्या जुन्या प्रसंगाकडे परत जाऊन, त्या वेळी जे बळ हाताशी नव्हते ते कल्पनेने त्यात आणले जाते.

कोरा कागद

ताम्रपट यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे, म्हणून मीही सरसकट झोडपणार नाही. मात्र आधाराचा प्रश्न विचारला गेला आहे, तर त्याचे उत्तर स्पष्ट द्यायला हवे.

एनएलपीचे जे दावे प्रयोगशाळेत तपासण्याजोगे होते, ते तपासणीत टिकले नाहीत. प्रत्येक माणसाची दृश्य, श्राव्य किंवा स्पर्शाधारित अशी एक पसंतीची विचारपद्धती असते आणि ती डोळ्यांच्या हालचालींवरून किंवा शब्दांवरून ओळखता येते, असा एक मूळ दावा होता. ख्रिस्तोफर शार्पली यांनी १९८४ आणि १९८७ साली त्यावरच्या संशोधनाचे आढावे घेतले आणि त्याला पाठबळ मिळाले नाही. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीचा १९८८ सालचा निष्कर्षही प्रतिकूलच होता. माणूस खोटे बोलतो आहे हे डोळ्यांच्या दिशेवरून कळते, ही याच गोतावळ्यातली समजूत २०१२ साली रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत खोटी ठरली. त्याच वर्षी आरोग्यविषयक परिणामांचा एक पद्धतशीर आढावा ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निकषांत बसणारे अवघे १० अभ्यास सापडले आणि एनएलपीमुळे आरोग्यात सुधारणा होते असे म्हणण्यास फारसा पुरावा नाही, असा निर्वाळा दिला गेला.

इथे एक भेद मात्र करायला हवा, जो विरोधकही सहसा करत नाहीत. डोळ्यांच्या हालचालींचा दावा तपासला गेला आणि पडला. धारणाबदलाच्या तंत्रांचे तसे नाही, त्यांची कसोशीने तपासणीच फार थोडी झाली आहे. त्यामुळे ‘ती निरुपयोगी आहेत हे सिद्ध झाले’ असे म्हणणे अचूक नाही आणि ‘ती विज्ञानसिद्ध आहेत’ असे म्हणणे तर मुळीच नाही. माहितीपत्रकात ‘न्यूरो’ या उपसर्गाच्या जोरावर मेंदूच्या जोडण्या बदलण्याची भाषा असेल, तर तिच्यामागे मेंदूविज्ञान आहे असे समजू नये. फाइल पुसावी तशी पुसता येईल अशी ‘धारणा’ नावाची वस्तू अवचेतनात कुठे ठेवलेली नसते.

सांजवारा

मी समुपदेशनाच्या क्षेत्रात आहे. उंबरठाताई, तुमचे वर्णन वाचून मला कार्यशाळेपेक्षा बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे सीबीटी, अधिक योग्य वाटतो. अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली आणि १९६०च्या दशकात आरन बेक यांनी सीबीटीची उभारणी केली. धारणा ओळखणे, तिला प्रश्न विचारणे आणि पर्यायी धारणा घडवणे हे सगळे तिथेही आहे. शिवाय चिंता आणि नैराश्यावरचा तिचा परिणाम अनेक नियंत्रित चाचण्यांतून तपासला गेला आहे.

फरक सर्वांत ठळक दिसतो तो वर्तन-प्रयोगात. धारणेला तिथे भाकीत मानतात. तुमचे भाकीत असे, की प्रश्न विचारला तर लोक मला कमी लेखतील. मग बैठकीपूर्वी कागदावर लिहायचे: मी अमुक प्रश्न विचारणार, त्यावर अमुक घडेल असे मला वाटते आणि ते घडले हे मी अमुक खुणेवरून ओळखेन. ही खूण आधी ठरवणे फार महत्त्वाचे, कारण ती मोकळी सोडली तर समोरच्याने घड्याळाकडे पाहिले तरी मन त्याचा अर्थ ‘कंटाळले’ असा लावते. बैठक संपल्यावर जे दिसले आणि ऐकू आले तेवढेच लिहायचे. आल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ साली स्व-क्षमतेची कल्पना मांडताना सांगितले होते, की ‘मला हे जमेल’ हा विश्वास सर्वाधिक बळावतो तो स्वतः ते करून पार पाडल्याच्या अनुभवाने. कोणी समजावल्याने येणारा विश्वास त्या मानाने कच्चा असतो.

स्विशबद्दल माझी एक शंका आहे. यशस्वी झालेल्या स्वतःचे चित्र रंगवून थांबणे पुरेसे नसते. गॅब्रिएल ओटिंगेन यांच्या संशोधनात असे आढळले आहे, की भविष्याची नुसती गोड स्वप्ने रंगवणारी माणसे पुढे प्रयत्नच कमी करतात. हव्या त्या चित्राबरोबर आड येणारा अडथळाही मनासमोर ठेवला, तर गोष्ट वेगळी.

उंबरठा (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कोरा कागद यांनी केलेला भेद मला विशेष उपयोगी पडला. ताम्रपट, तुम्ही भाषेचा भाग टिकाऊ आहे असे म्हणालात, पण त्याचे प्रात्यक्षिक दिले नाहीत. माझेच वाक्य घेऊन ते दाखवू शकाल का?

ताम्रपट

अवश्य. याला मेटा मॉडेल म्हणतात. वाक्यातून जे गाळले गेले, वाकवले गेले किंवा सरसकट केले गेले, ते प्रश्नांनी परत मिळवायचे.

तुमचे वाक्य आहे: ‘मी प्रश्न विचारला की माझे अज्ञान उघडे पडते.’ यात पहिला शोध सरसकटपणाचा. प्रत्येक प्रश्नाने? तारीख विचारली तरी? आजवर एकही प्रश्न असा गेला नाही, की ज्यानंतर चर्चा नुसती पुढे सरकली? दुसरा शोध गाळलेल्याचा. अज्ञान उघडे पडते ते कोणापुढे? सगळ्यांपुढे की दोघाचौघांपुढे? आणि कशाविषयीचे अज्ञान? तिसरा, कार्यकारणाचा: प्रश्न विचारणे हे अज्ञानाचे लक्षण नेमके कशामुळे ठरते? दुसऱ्या कोणी तोच प्रश्न विचारतो तेव्हा तुम्ही त्याला अज्ञानी ठरवता का? चौथा, दुसऱ्याचे मन वाचण्याचा: ते कमी लेखतात हे तुम्हाला कशावरून कळते? आणि यामागे न उच्चारलेला एक नियम दडलेला दिसतो, ‘चांगल्या माणसाला सगळे आधीच ठाऊक असायला हवे’ असा. तो कोणी ठरवला?

या प्रश्नांत ‘का’ हा शब्द मुद्दाम टाळलेला आहे. ‘तुम्हाला असे का वाटते’ विचारले, की माणूस धारणेचे समर्थन करू लागतो आणि ती आणखी घट्ट होते. ‘नेमके काय’, ‘कोण’, ‘कशावरून’ असे विचारले, की त्याला प्रसंगाकडे परत जावे लागते. आणखी एक पथ्य असे, की हे प्रश्न सरबत्तीसारखे विचारायचे नाहीत. एक प्रश्न, मग शांतता. बरेच नवशिके प्रशिक्षणार्थी इथेच वकिली थाटात उलटतपासणी सुरू करतात आणि समोरचा माणूस मिटतो.

उंबरठा (धागाकर्ता)

आज सकाळी वही घेऊन बसले आणि या प्रश्नांची उत्तरे लिहिली. ‘कोणापुढे’ या प्रश्नाशीच बराच वेळ अडले. सगळ्यांपुढे नव्हे, बैठकीतल्या दोनच ज्येष्ठ व्यक्तींपुढे. आणि विषयही एकच, आकडेवारीचा. नवीन असताना एका तक्त्याबद्दल मी काही विचारले होते आणि त्यांच्यापैकी एक जण हसले होते. मांडणीच्या किंवा वेळापत्रकाच्या प्रश्नांना मी अडखळत नाही, हे लिहिताना प्रथमच लक्षात आले. आता डिल्ट्स यांच्या पद्धतीने त्या हसण्याच्या प्रसंगाकडे परत जाणे योग्य ठरेल का?

कोरा कागद

एवढ्याशा प्रसंगासाठी धोका नाही. तरी सर्वसाधारण नियम म्हणून सांगतो, ज्यांच्या जुन्या आठवणींत अत्याचार, अपघात किंवा जिवावरचे प्रसंग असतील, त्यांनी भरलेल्या सभागृहात, अनोळखी जोडीदारासोबत असले प्रयोग करू नयेत. त्यासाठी पात्रताधारक मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञच हवा. एनएलपीचे ‘प्रॅक्टिशनर’ किंवा ‘मास्टर प्रॅक्टिशनर’ हे किताब वेगवेगळ्या संस्था आपापल्या निकषांनी देतात, त्यामुळे निव्वळ प्रमाणपत्रावरून क्षमतेचा अंदाज बांधता येत नाही.

कार्यशाळेला जायचेच असेल, तर आयोजकांना आधी विचारा, की प्रशिक्षकांचे मानसशास्त्रातले औपचारिक शिक्षण कोणते, सत्रात कोणी अस्वस्थ झाले तर काय व्यवस्था आहे आणि कार्यशाळेनंतर फरक पडला की नाही हे ते कसे तपासतात. ‘फरक पडला नाही, तर तुमचीच तयारी कमी होती’ असे उत्तर आले, तर नाव नोंदवू नका.

सांजवारा

उंबरठाताई, तुमची धारणा आता ‘त्या दोघांपुढे आकडेवारीबद्दल विचारले की ते हसतील’ इतकी लहान झाली आहे आणि ती सरळ तपासता येते. त्या प्रसंगाकडे परत जाण्याची मला तातडी दिसत नाही. पुढच्या बैठकीत आकडेवारीबद्दलचा एक छोटा, खराखुरा प्रश्न विचारा आणि काय घडले ते लिहून ठेवा. कोणी हसलेच, तर त्यानंतर चर्चा कुठे गेली आणि प्रश्नाचे उत्तर मिळाले की नाही, हेही लिहा. काही आठवड्यांत पालट दिसला नाही किंवा ही भीती कामाबाहेरही पसरलेली जाणवली, तर मात्र सीबीटी करणाऱ्या व्यक्तीला प्रत्यक्ष भेटा.

उंबरठा (धागाकर्ता)

तसेच करते. कार्यशाळेची नोंदणी तूर्त थांबवली आहे. एक शेवटचे विचारते: प्रश्न विचारण्याआधी बोटांचा अँकर वापरला तर चालेल का?

ताम्रपट

धीर यायला वापरायला हरकत नाही. निवांत बसून, खरोखर ठामपणे बोललात असा एखादा प्रसंग आठवून तो आधी पक्का करून घ्या.

सांजवारा

माझे मत थोडे वेगळे आहे. अँकर वापरून प्रश्न विचारला आणि सगळे सुरळीत पार पडले, तर मन श्रेय बोटांना देईल आणि धारणा तशीच राहील. चिंतेच्या उपचारात अशा आधारांना सुरक्षा-वर्तन म्हणतात आणि ते हळूहळू सोडवावे लागतात. फारच अडले तर पहिल्या खेपेला वापरा, पण वहीत तशी नोंद करा आणि पुढच्या बैठकीत तशाच प्रकारचा प्रश्न हात टेबलावर मोकळे ठेवून विचारा.